मल्हारीचे कोकरू

आमच्या इमारतीचा वॉचमन मल्हारी हा धनगर घरातला. अर्धे आयुष्य मेंढरांमागे चाललेला हा माणूस आता गेटजवळच्या खुर्चीत बसून असतो. माझ्याच वयाचा आहे, म्हणून मी त्याला मल्हारी म्हणतो आणि तो मला आप्पासाहेब. मी औरंगपुऱ्यातल्या एका कॉलेजच्या हिशेब विभागात आहे, पुढच्या वर्षी निवृत्त होईन. सोसायटीचा सचिवही मीच, त्यामुळे पंपाच्या वेळा, जिन्याखालची खोली, मल्हारीची रजा हे सगळे माझ्याकडे येते. त्याच्या जनावराचे दुखणेही तसेच माझ्याकडे आले.

मेंढरे विकून त्याला बरीच वर्षे झाली. हर्सूलच्या पलीकडे डोंगराच्या अंगाला जी चराई होती तिथे प्लॉट पडले, तारेची कुंपणे आली, आणि त्याचे गुडघेही गेले. मेंढरे विकली त्या दिवसाबद्दल तो बोलत नाही. त्याची बायको बानाबाई सांगते, की मेंढरे टेम्पोत चढवून तो घरी आला, जेवला, आणि थोड्या वेळाने पुन्हा वाढ म्हणाला. जेवल्याचे त्याच्या ध्यानातच नव्हते.

मेंढरे गेली तरी जनावरांचा जाणकार हे त्याचे नाव राहिले. हर्सूल गावातून कोणी आजारी बकरी घेऊन गेटवर आले, की तो खुर्चीतून उठायचा, तिची पापणी उलटी करून बघायचा, पोटावर हात ठेवून ऐकल्यासारखा उभा राहायचा आणि काय झाले ते सांगायचा. इमारतीत त्याला कोणी काही विचारो न विचारो, त्या घटकेला तो कोणीतरी असायचा. त्याच्याकडे तेवढेच उरले होते, असे मला वाटते.

आजारी पडलेले ते जनावर म्हणजे एक गिनीपिग. ते मल्हारीकडे आले तिसऱ्या मजल्यावरच्या भाडेकरूंमुळे. तरुण नवरा-बायको होते, बंगलोरला निघाले, आणि जाताना पिंजरा मल्हारीच्या जिन्याखालच्या खोलीत ठेवून गेले. तांबूस-पांढरे, शेपूट नसलेले, दोन मुठींएवढे जनावर. मल्हारीने छातीखाली एक हात घालून ते उचलले आणि त्याला कोकरू म्हणायला सुरुवात केली.

"कोकरू कशाचं, उंदीर हाय त्यो," बानाबाई म्हणाली.

"उंदीर आसा शांत बसतो व्हय?"

"पोट भरल्यावर तुमी बी शांतच बसता."

दुसऱ्या मजल्यावरचे नानासाहेब पेन्शनर. ते येता-जाता मल्हारीला छेडायचे. "काय मल्हारी, कळप चरायला नेला नाही आज?"

"आज रजेवर हाय कळप, नानासाहेब. तुमच्यावानी."

कोकराचे खाणे हा त्याचा मोठा उद्योग होऊन बसला. भाजीवाल्याकडून कोथिंबिरीच्या काड्या, जवळच्या तलावाकडून आणलेले हिरवे गवत, लसूणघास. त्यातलेही जाड जून काढून टाकायचा आणि कोवळे शेंडे तेवढे पिंजऱ्यात ठेवायचा. पिशवीचा आवाज झाला की ते जनावर शिट्टीसारखे ओरडायचे. मी सकाळी स्कूटर काढायला खाली यायचो तेव्हा ती शिट्टी रोज ऐकू यायची.

मार्गशीर्षातल्या एका शनिवारी ती ऐकू आली नाही. मल्हारी पिंजऱ्यासमोर उकिडवा बसला होता.

"खायना," तो म्हणाला. "काल सांजच्यापसून तोंडच लावंना."

कोथिंबीर सुकून गेली होती. कोकरू कोपऱ्यात अंग फुगवून बसले होते. मल्हारीने त्याला मांडीवर घेतले, कान चाचपले, पोट दाबून पाहिले. मी म्हणालो, डॉक्टरला दाखवू.

"येवढ्याशा जिवाला डाक्टर? आप्पासाहेब, पोट धरलंय त्यानं. आसं झालं की जनावराला काय बी द्यायचं नसतं. पोट रिकामं झालं की आपसूक खातंय. लई बघितलीत म्या."

त्याने पिंजऱ्यातला चारा काढून घेतला. बानाबाईने ओवा उकळून दिला. मल्हारीने त्याचे दोन थेंब बोटाने कोकराच्या तोंडात सोडले. मला या विषयातले काही कळत नाही. मल्हारीला कळते, हे आम्ही सगळेच धरून चाललो होतो.

रविवारी दुपारी त्याने माझ्या दाराची बेल वाजवली. गुडघ्यांमुळे तो सहसा जिना चढत नाही. धाप लागली होती, पण चेहरा उजळलेला होता.

"चला खाली. रवंथ करायलंय."

मी गेलो. खरोखरच, समोर गवताची काडी नसताना त्या जनावराचा जबडा हळूहळू हलत होता. मेंढरू आजारी पडले की आधी खाणे सोडते, मग रवंथ सोडते, आणि पुन्हा तोंड हलायला लागले की मेंढपाळ सुटकेचा श्वास टाकतो, हे मल्हारीने मला समजावून सांगितले. कितीतरी पावसाळी दिवस त्याने उघड्या माळावर मेंढरांच्या तोंडाकडे बघत काढले होते. ते एक लक्षण त्याला कधी फसवत नाही.

त्याने नानासाहेबांना बोलावले. पहिल्या मजल्यावरच्या वच्छलाबाई आल्या. सगळ्यांनी वाकून ते हलणारे तोंड पाहिले. बानाबाईने चहा टाकला. नानासाहेब म्हणाले, "मल्हारी, तुझा कळप वाचला." मल्हारी नुसता हसत राहिला. मलाही हायसे वाटले, आणि डॉक्टरचा विषय तिथेच राहिला.

सोमवारी सकाळी तो पुन्हा दारात आला. या वेळी बेल न वाजवता उभा होता.

"रवंथ करतंय, पण खायना. लेंडी बी टाकली नाय. आसं कंदी बघितलं नाय, आप्पासाहेब."

मी ऑफिसला फोन करून उशिरा येतो म्हणून सांगितले. गुलमंडीतल्या साडीच्या दुकानाचा एक खोका होता, त्यात बानाबाईने जुने लुगडे अंथरले. मल्हारी खोका पोटाशी धरून माझ्यामागे स्कूटरवर बसला. खड्डा आला की तो म्हणायचा, "हळू." मी हळूच चालवत होतो.

गावात पशुवैद्य पुष्कळ आहेत, पण असले जनावर बघणारे कोणी सापडेना. पहिल्या दवाखान्यातून दुसऱ्याकडे पाठवले. तिथे एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी कोकराचे वजन केले, पोट तपासले आणि बारीक दिव्याची नळी तोंडात घालून बराच वेळ पाहिले.

"कधीपासून खात नाही?"

"शुक्रवारपसून," मल्हारी म्हणाला. "पण रवंथ धरलाय त्यानं. कालपसून करतंय."

डॉक्टरीणबाईंनी मान वर केली. "मामा, हे जनावर रवंथ करत नाही. गाय, शेळी, मेंढी करते. याचं पोट तसं नसतंच. हे दात घासतंय. दुखतं तेव्हा ते असं करतं."

मल्हारीने वाकून कोकराच्या तोंडाकडे पाहिले.

मग त्यांनी सांगितले ते असे. मागच्या दाढा वाढून जिभेवर आल्या होत्या, त्यामुळे त्याला गिळता येत नव्हते. या जनावराच्या दाढा आयुष्यभर वाढतात आणि जाडंभरडं कोरडं गवत चावूनच झिजतात. आणि याला उपाशी ठेवून चालत नाही. खाणे थांबले की आतडेही थांबते.

"कोरडं गवत देत होता का?"

"कवळं द्यायचो," मल्हारी म्हणाला. "कोकरू हाय म्हणून."

"हे पूर्ण वाढलेलं आहे, मामा. चांगलं म्हातारं आहे."

डॉक्टरीणबाई कठोर नव्हत्या. कधीकधी दाढा जन्मतःच वाकड्या असतात, तुमच्यामुळेच झालं असं नाही, असेही त्या म्हणाल्या. दाढा घासायच्या तर भूल द्यावी लागेल, ती साधने पुण्याला आहेत, आणि आज या अवस्थेत ते भूल सोसणार नाही. आधी अंगात थोडी ताकद यायला हवी. त्यांनी दुखणे कमी करणारे थेंब दिले, आणि खाद्य भिजवून, पातळ करून, सुई नसलेल्या सिरिंजने थोडे थोडे भरवायला शिकवले.

परत येताना खड्डा दिसला की मी आपणहून वेग कमी करत होतो.

गेटपाशी उतरल्यावर खोका हातात धरून तो म्हणाला, "ते दुखतंय म्हणून सांगत व्हतं, आन् म्या लोकं बोलवून दाखवत व्हतो. चहा पाजला लोकांना."

मी म्हणालो, तुला कसे कळणार होते. बोलताना मलाच ते वाक्य पोकळ वाटले.

भरवण्याचे काम त्यानेच करायला घेतले. बांबूच्या नळीने त्याने शेकडो मेंढरांना औषध पाजले असेल. गालाच्या कडेने नळी सरकवायची, मान जरा वर, घोट गेला की थांबायचे, हे सगळे त्याच्या हाताला ठाऊक होते. पण सिरिंज ओठाला लागली की जनावर अंग आक्रसायचे, आणि मल्हारी लगेच हात मागे घ्यायचा.

"दुखतंय त्याला," तो म्हणायचा.

"दुखतंय तर दुखू द्या, पोटात जाऊ द्या," बानाबाई म्हणाली. तिने कोकरू आपल्या पदरात गुंडाळले, फक्त तोंड बाहेर ठेवले आणि सिरिंज त्याच्या हातातून घेतली. "खा रं उंदरा. खा माझ्या राजा. हां, आसं."

निम्मे बाहेर यायचे, निम्मे जायचे. ती ओल्या फडक्याने हनुवटी पुसायची आणि पुन्हा भरवायची. मल्हारी शेजारी बसून वाटी धरायचा. मंगळवारी संध्याकाळी एक छोटीशी लेंडी पडली, तेव्हा बानाबाईने मला मुद्दाम हाक मारून दाखवली. मी डॉक्टरीणबाईंना फोन केला. चांगले आहे, म्हणाल्या, असेच चालू ठेवा, गुरुवारपर्यंत टिकले तर पुण्याला नेता येईल. माझा भाचा पुण्यात असतो, त्याला मी सांगून ठेवले. एवढे माझ्या हातातले होते, ते मी केले.

मल्हारीला मात्र आनंद झाला नाही. तो कोकराकडे बघत होता. ते बारीक आवाजात कुरकुरत होते.

"आप्पासाहेब, हे काय म्हणतंय?"

मी म्हणालो, मला कसे कळणार?

"मला बी कळंना," तो म्हणाला. "आधी वाटायचं कळतंय."

बुधवारी दुपारच्या आधी ते गेले. बानाबाईच्या पदरातच होते. ती भरवत होती, आणि घास ओठातून तसाच बाहेर आला. तिने फडक्याने पुसले, पुन्हा सिरिंज लावली. मल्हारीने तिचा हात धरला तेव्हा ती थांबली. मला ऑफिसात वच्छलाबाईंचा फोन आला. मी पोचलो तोवर मल्हारी आणि बानाबाईने त्याला तलावाच्या बाजूला नेऊन पुरलेही होते. खोली धुतलेली होती आणि मल्हारी गेटवर खुर्चीत बसला होता. नानासाहेब त्याच्याजवळ उभे होते.

पिंजरा ठेवून गेलेल्या भाडेकरूंना बंगलोरला कळवायचे होते. ते मी कळवले. त्या मुलीने फोनवर विचारले, मामा ठीक आहेत ना? मी हो म्हणालो.

मला वाटले, थोडे दिवस जातील आणि तो सावरेल. पुढच्या आठवड्यात हर्सूल गावातला सांडू नावाचा एक जण सकाळीच एक काळी बकरी घेऊन आला. कालपासून पाल्याला तोंड लावत नव्हती. मी स्कूटर पुसत होतो. मल्हारी खुर्चीतून उठला, पण बकरीजवळ गेला नाही.

"दवाखान्यात ने," तो म्हणाला.

सांडू हसला. "मामा, चेष्टा करता का? बघा तरी."

"बघा की," बानाबाई खोलीच्या दारातून म्हणाली. "बकरीच हाय ती. दुसरं काय नाय."

तो पुढे झाला. पोटावर हात ठेवला. तेवढ्यात बकरीने मान खाली केली, आणि तिचा जबडा हलू लागला, उजवीकडे-डावीकडे, सावकाश. सांडूच्या चेहऱ्यावर हसू आले. मल्हारीने हात काढून घेतला आणि माझ्याकडे वळला.

"आप्पासाहेब, डाक्टरीणबाईला फोन लावता का जरा? बकरीचं तोंड हलतंय म्हणावं. हे रवंथच आसतंय ना, तेवढं विचारा."

मी म्हणालो, मल्हारी, बकरी आहे ती. हे तुला मी सांगायचे?

"विचारा तर खरं."

मी फोन लावला. डॉक्टरीणबाईंना आधी प्रश्नच कळला नाही. मग म्हणाल्या, हो, बकरी रवंथच करते, काळजीचं काही नाही. मी फोन त्याच्या हातात दिला आणि तेच त्यांना पुन्हा सांगायला लावले. त्याने शेवटपर्यंत ऐकले, मान हलवली, मला फोन परत दिला.

"बरं," तो म्हणाला. मग सांडूला म्हणाला, "तरी बी दाखवून ये. त्या औषध देतील."

सांडू बकरीला ओढत निघाला. ती चालताना रवंथ करत होती.