आजोबांच्या नावाचं कुलूप

आक-बुलाक या किरगिझ गावाच्या पोस्टातलं तारयंत्र बंद झालं आणि त्याच्याबरोबर झुराची नोकरीही गेली. पण घरी बसून लोकर पिंजत राहणं तिच्या स्वभावात नव्हतं. पोस्टामागची रिकामी खोली तिने भाड्याने घेतली, बिश्केकहून तीन जुने कॉम्प्युटर आणले आणि दारावर ‘इंटरनेट’ अशी पाटी ठोकली. गावातली निम्मी तरणी माणसं रशियात बांधकामावर होती, त्यामुळे गिऱ्हाइकांना तोटा नव्हता.

त्याच सुमारास ती नवी फुकट ई-मेल निघाली. नावाखाली बारीक अक्षरांत लिहिलेलं असे, ‘सेवा चाचणीत आहे.’ फुकट म्हटल्यावर बारीक अक्षरं वाचतंय कोण? झुराने अर्ध्या गावाची खाती स्वतःच्या हाताने उघडून दिली. पासवर्ड विसरला तर खातं एक प्रश्न विचारी, आणि चार प्रश्नांतला एक आधीच निवडून ठेवावा लागे. पाळीव प्राण्याचं नाव? इथे कुत्र्याला कुत्राच म्हणतात. पहिली शाळा? गावात शाळाच एक. पहिल्या बाईंचं नाव? सगळ्यांना त्याच बाईंनी बडवलेलं. उरलं आजोबांचं नाव. झुराला हा प्रश्न फार पसंत पडला. किरगिझ माणूस एक वेळ जेवायला विसरेल, पण बापाकडच्या सात पिढ्या विसरायचा नाही. नीट बोलता न येणारं पोरसुद्धा त्या घडाघडा म्हणतं.

जे कोणीच विसरत नाही ते सगळ्यांनाच ठाऊक असतं, हे काही तिच्या डोक्यात आलं नाही.

बेगिमाय ही आयिमकानची सून. नवरा मॉस्कोजवळ विटा रचत होता आणि हिला बिश्केकला सुईणकाम शिकायला जायचं होतं. नवऱ्याची ना नव्हती. सासूची मात्र होती. “सून पुस्तकं घेऊन बसली तर गाई काय मी पिळू?” असं ती चारचौघांत म्हणायची. म्हणून अर्ज गुपचूप, झुराच्या खोलीतूनच गेला.

ऑगस्टमधल्या एका दुपारी बेगिमाय पिठाच्या हातांनीच आली. जरा वेळाने थोरल्या बहिणीला हाक मारावी तशी झुराला म्हणाली, “एजे, उघडतच नाही हो. तोच शब्द घातला, तरी नाही म्हणतंय.”

झुराने तो प्रश्न मागवला. बेगिमायने आजोबांचं नाव लिहिलं, नवा पासवर्ड ठेवला आणि खातं उघडलं. सुईणकामाच्या शाळेचं पत्र आलं होतं. जागा मिळाली आहे, सोमवारपर्यंत होकार कळवा. आणि त्याला बेगिमायच्या नावाने आदल्याच दिवशी उत्तर गेलेलं होतं, ‘मी येणार नाही. घरी कामं आहेत.’

“हे मी नाही लिहिलं,” एवढंच ती म्हणाली आणि रडायला लागली.

झुराला लगेच आठवलं. आदल्या दिवशी आयिमकान आली होती. “मुलाचे फोटो बघायचेत, पण तो मेला शब्द आठवत नाही,” म्हणाली. कुठे दाबायचं ते झुरानेच बोट ठेवून दाखवलं होतं आणि मग सभ्यपणे पाठ फिरवली होती. आयिमकान जुन्या सरकारी शेतीच्या कचेरीत टायपिस्ट होती, तिला कळफलकावर अक्षरं शोधावी लागत नव्हती.

झुराने त्या ई-मेलवाल्यांना खरमरीत पत्र लिहिलं. उलट टपाली यंत्राचं उत्तर आलं, ‘सूचनेबद्दल आभार. सेवा चाचणीत आहे.’ झुराने त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि शाळेत फोन लावला.

“नकार तिच्याच पत्त्यावरून आलाय,” तिथली कारकून बाई म्हणाली. “मी कुणाचं खरं मानू? सोमवारी पासपोर्ट घेऊन तिलाच येऊ दे, मग बघू.”

आणि पासपोर्ट होता सासूच्या पेटीत. झुरा तडक आयिमकानच्या घरी गेली.

आयिमकानने सतरंजीवर जेवणाचं कापड, दस्तरखान, पसरलं, पाव मोडला, साय पुढे सरकवली. झुराने पावाचा तुकडा तोंडात टाकला, कारण भांडायला आलेल्या माणसानेही पावाला नाही म्हणायचं नसतं.

“आयिमकान, सुनेचं टपाल वाचलंस तू.”

“वाचलं. मग? मी काय कुलूप फोडलं? त्या डब्याने तिच्या आजोबाचं नाव विचारलं, मी सांगितलं. सोयरीक ठरवताना तिच्या बापानेच इथे बसून सगळ्या पिढ्या मोजून दाखवल्यात. असलं कुलूप लावलं कोणी?”

“मी लावलं. अक्कल गहाण ठेवून लावलं. उद्यापासून सगळ्यांना दुसरं नाव घालायला लावते.”

“म्हणजे वाडवडलांचं खोटं नाव सांगायला लावणार?”

“डब्याशी खोटं, वाडवडलांशी नाही. पण दार उघडं दिसलं म्हणून कोणी आत शिरतं का गं?”

“सून घरची, टपाल घरचं. घरात कसलं आलंय खाजगी?”

झुरा पुढे झुकली. “मग नवी नवरी म्हणून तू या घरात आलीस, त्या महिन्यात फ्रुंझेहून, म्हणजे आताच्या बिश्केकहून, तुझ्या नावाने तार आली होती, ती पण घरचीच म्हणायची?”

आयिमकानचा सायीकडे गेलेला हात तिथेच थांबला.

“ती मीच उतरून घेतली होती,” झुरा आवाज खाली आणून म्हणाली. “दुसऱ्या दिवशी तुझी सासू पोस्टात हजर. सुनेला काय आलं, म्हणे. मी म्हटलं, सुनेला विचारा.”

“धमकी देतेस मला?”

“नाही. आजवर कुणाला सांगितलं नाही, आणि तू पासपोर्ट दिला नाहीस तरी सांगणार नाही. ते मी सांगायचं नव्हतंच. तसं हे तू वाचायचं नव्हतंस.”

आयिमकान गुडघ्यावर हात टेकून उठली, रजयांचा ढीग बाजूला करून तिने पेटी उघडली आणि पासपोर्ट आणून पावाशेजारी ठेवला. तेवढ्यात बेगिमाय किटली घेऊन आत आली. पासपोर्टकडे बघितलं, मग दोघींच्या तोंडांकडे. दाराआड उभी राहून तिने थोडंफार ऐकलं असावं.

“अपा, कसली तार?” तिने सासूला विचारलं.

“चहा ओत,” दोघी एकदमच म्हणाल्या.