घागरवाल्या पुतळ्याशेजारची आजी

मंडळी, आज सकाळी इथल्या 'सात रस्ता' चौकाजवळच्या बागेत ब्लॅक अँड व्हाइट फोटो काढत होतो. झाडं, बाकडी आणि डोक्यावर घागर घेतलेल्या बाईचा सिमेंटचा पुतळा.

एक आजी शेजारी येऊन थांबल्या. म्हणाल्या, "नाक नीट येऊ दे बाळा. ती मीच हाय."

मला वाटलं, गंमत करतायत. पण त्यांचे मालक मूर्तिकार होते. लग्नानंतर त्यांनी आजींना अंगणात घागर घेऊन उभं केलं आणि हा पुतळा घडवला.

"मान लई दुखायची. पण त्यांचं काम बघत उभी राहायची."

मालक आता नाहीत. आजींचा त्या वयातला एकही फोटो नाही.

मी त्यांना पुतळ्याशेजारी उभं करून फोटो काढला. रंग नसल्यामुळं दोघींचं नाक, हनुवटी, मानेचा डौल अगदी एकसारखा दिसत होता.

आजी बराच वेळ स्क्रीनकडं बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "मला वाटायचं, त्यांनी उगंच देखणी केलीया. पण खरीच केलीती की."

कुणी आपल्याकडं इतकं नीट बघितलंय, हे कळायला आयुष्य जावं लागतं का? तुम्हाला काय वाटतं?