आण्णांनी न रंगवलेलं पान

मी परदेशी निघाले त्या सकाळी आण्णा स्टुलावर उभे होते. दारात गाडी हॉर्न देत होती, आईनं तळहातावर दही ठेवलं होतं, आणि माझे वडील बैठकीच्या खोलीचं छत रंगवत होते! उचगावपासून पेठ वडगावपर्यंत त्यांनी लोकांच्या घरांत वेलबुट्टी काढली, पण आमच्या छताला मुहूर्त लागला तो माझ्या जाण्याच्या आठवड्यात. वरूनच म्हणाले, "कोपऱ्यातलं एक पान ठेवतोय. तू आलीस की भरू."

ही त्यांची जुनी रीत. काम पुरं झालं की कारागिराचा त्या घराशी संबंध संपतो, म्हणून एक पान बिनरंगाचं सोडायचं. मग दिवाळीत जाऊन ते भरायचं, चहा घेऊन यायचं.

त्याला अकरा वर्षं झाली. मी चारदा कोल्हापूरला गेले, दर वेळी घाईत. पान राहिलं. गेल्या वर्षी आई गेली. आण्णा एकटे, त्यात चक्कर येते. फोनवर तिकडचा नंबर दिसला की मी हातातलं काम टाकून उचलते. म्हणून त्यांना माझ्याकडे न्यू जर्सीला आणलं, सहा महिन्यांच्या व्हिसावर. कायम राहण्याचा अर्ज भरून तयार होता, फक्त त्यांच्या सह्या हव्या होत्या. पण मागायची कशा? आधी खूश करावं, मग विषय काढावा, असा बेत करून मी त्यांना शहरातल्या कलासंग्रहालयात नेलं.

तिथं दमास्कसच्या कुणा व्यापाऱ्याची अख्खी बैठकीची खोली आणून मांडली आहे, रंगीत भिंती आणि छतासकट. उंबऱ्याशी आण्णांनी चपला काढल्या. पहारेकरी बघत होता. मी त्या उचलून त्यांच्या पायांपुढे ठेवल्या.

"आण्णा, घाला हो त्या."

"कुणाच्या तरी घरात शिरतोय न्हवं?"

मग ते दोरीवरून वाकून भिंत बघायला लागले आणि अलार्म वाजला. पहारेकरी धावत आला, मी सॉरी सॉरी करत राहिले. आण्णांचं बोट मात्र कोपऱ्यात.

"बघ की. ह्या कारागिरानं बी पान ठेवलंय."

"रंग उडाला असेल."

"उडाल्याला रंग मला कळत न्हाय व्हय?" मग आवाज खाली आला. "बिचाऱ्याचं परत जायाचं ऱ्हायलं. आन् लोकांनी घरच उचलून आणलं."

कॅफेत मी अर्ज काढला. त्यांनी चष्मा लावला आणि ते सह्या करत गेले. शेवटच्या सहीपाशी त्यांनी पेनाला टोपण लावलं.

"एक ठेवतोय. पान भरून आल्यावर."

पुढच्या महिन्यात आम्ही दोघं निघतोय. तिकडं राहिलेले तुम्ही आणि माझ्यासारखे निघून आलेले तुम्ही, सगळेच विचारता, तुझं घर आता कुठलं? सध्या ते कोल्हापुरात छताच्या एका कोपऱ्यात आहे, बोटाएवढ्या जागेत. ती जागा भरली की आण्णा माझ्याकडे राहायला येतील. मग मला तिकडं कोण बोलवेल?