काकांचा सुताचा दोर

शिमगा झाला की आमच्या आणि काकांच्या अशा दोन घरांची माणसं काकांच्या होडीतून जयगडच्या खाडीत मासे गरवायला जात. मी बिगरीत होते त्या वर्षी मला पहिल्यांदा नेलं. काकांनी गरीला कोळंबी लावली, सुताचा दोर माझ्या हातात दिला आणि बजावलं, "आवाज करील त्याला पुन्हा होडीत घेणार नाही."

पाणी हलत नव्हतं. धुक्यात काठावरचे माड बुंध्यांशिवाय तरंगत होते. होडी पाण्यावर आहे की हवेत, कळेना. घरी कधी गप्प न बसणारी आईसुद्धा गप्प होती. माझे डोळे मिटायला लागले, तेवढ्यात दोर ताणला. लाल, मोठी तांबोशी पाण्याखाली वळताना दिसली. ओरडावं तर पुन्हा कोणी आणणार नाही. मी ओठ घट्ट मिटले. बोटं कापत सगळा दोर तांबोशीबरोबर पाण्यात गेला.

"अगो, हाक का नाही मारलीस?" काका म्हणाले.

"तुम्हीच म्हणालात, आवाज करायचा नाही."

होडी हलेपर्यंत सगळे हसले. आई म्हणाली, "घरी ऐकत नाही ती एवढं!"

पुढच्या वेळी मला नेलं, पण दोर आईला दिला. मला त्याचं काही वाटलं नाही. पाणी बघायला मिळत होतं.