टेबलावर राहिलेली नळी

ग्रीसच्या वासात कांद्याच्या फोडणीचा वास मिसळला, की मला अवसरीच्या कॉलेजमधली आमची मेस आठवते. जेवणाच्या टेबलावर मैत्रिणीची बुटकी बीएमएक्स सायकल उलटी ठेवून आम्ही दोघी दोन्ही पेडलांना जोडणाऱ्या अ‍ॅक्सलची नवी बेअरिंगं बसवत होतो. दुसऱ्या दिवशी तिला स्पर्धेला जायचं होतं, आणि बेअरिंग काही केल्या फ्रेममध्ये शिरेना. मी हातोडा उचलला, तशा मेसच्या मावशी भाकरी थापता थापता म्हणाल्या, “ठोकू नका गं. बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव तापवून चढिवत्यात, बघितलं न्हाई का कधी?” त्यांनीच बेअरिंगं फ्रीझरमध्ये मटारच्या पिशवीशेजारी ठेवली आणि फ्रेमला उकळत्या पाण्यात पिळलेलं फडकं गुंडाळलं. तासाभराने दोन्ही बेअरिंगं अंगठ्याच्या जोरावर आत गेली. आम्ही एकमेकींना टाळ्या देतोय, तोवर मावशी टेबल पुसायला आल्या. दोन बेअरिंगांच्या मधे बसायची स्पेसरची नळी त्यांनी उचलून धरली आणि शांतपणे विचारलं, “आन् ही कुणाची?” एक बेअरिंग काढून पुन्हा मटारशेजारी गेलं. शेवटी नळी आत घालून ते परत बसवलं आणि पेडलला झटका दिला, तेव्हा ते आवाज न करता कितीतरी वेळ फिरत राहिलं, आणि तव्यावरची भाकरी करपली. आता कारखान्यात रोज बेअरिंगं बसवते, पण दुसरं बसवण्याआधी टेबलावरून एकदा हात फिरवतेच.