चार बोटं माती

वय विचारलं की सोपान सांगायचा, "चार वर्षं." मिशा पिकलेल्या, पुढचे दोन दात गेलेले, गालफडं बसलेली आणि म्हणे चार वर्षं! लातुरात आमच्या क्लासच्या वसतिगृहावर तो राखणदार म्हणून आला, त्या दिवशी त्याचा अर्ज मीच भरत होतो. पेन खाली ठेवून म्हटलं, "बाबा रे, पोरांचे प्रवेश शेजारच्या खोलीत चालतात." तो हसला नाही. म्हणाला, "मांजरा नदीच्या पाण्यात बुडवून काढलं मला, सर. तवापासून मोजतो. त्याच्या आधीचा सोपान मेला." मी अंदाजानं पंचेचाळीस लिहिलं आणि बाहेर येऊन सगळ्या स्टाफला हा किस्सा तिखटमीठ लावून सांगितला. दुपारपर्यंत पोरांनी त्याचं नाव 'फादर' पाडलं होतं.

मी तिथे फिजिक्स शिकवायचो. ते दिवसच तसे होते. गल्लीगल्लीत क्लास निघत होते आणि उमरीपासून देवणीपर्यंतची पोरं डॉक्टर व्हायला लातुरात येऊन पडत होती. सोमवारी मी चाचणीचे गुण वाचायचो, तेही शेवटच्या नंबरापासून. शेवटच्या पोराला उभं करायचं आणि वर्ग पोट धरून हसेपर्यंत सोलायचं. माझ्या जिभेला हाड नव्हतं, आणि पालक म्हणायचे, सर कडक आहेत, चांगले आहेत. मलाही ते खरं वाटायचं.

सोपानची गोष्ट सगळ्या वसतिगृहाला पाठ होती, कारण तो ती कुणालाही सांगायचा. त्याचं घर भूकंपाच्या पट्ट्यातलं. दगडमातीच्या भिंती आणि वर माळवद, म्हणजे लाकडांवर अंथरलेला पांढऱ्या मातीचा जाड थर. छत गळू नये म्हणून पावसाळ्याआधी त्यावर नवी माती टाकायची, ही बापजाद्यांची रीत. जुनी माती कुणी काढत नाही, नवी मात्र दरसाल चढते. त्या वर्षी सोपाननं चार बोटं माती टाकली. गणपती बुडवले त्या रात्री तो शेतात राखणीला होता, आणि पहाटे जमीन हलली. घरात बायको रुक्मिण आणि दोन लेकी झोपल्या होत्या. त्यानं हातांनी उकरलं. तिघींनाही काढलं, पण उशिरा.

"सगळे म्हणले, सोपान, तुझा काय दोष?" तो सांगायचा. "महाराज म्हणले, प्रारब्ध. साहेब म्हणले, निसर्ग. मला वाटायचं, ह्यांला ऐकूच यीना का? माती म्या टाकली ना! मग पत्र्याच्या शेडात एक ख्रिस्ती पाळक आले. त्यांनी एकट्यानं इचारलं, किती टाकलीस? म्या म्हणलं, चार बोटं. ते म्हणले, बरं, गुन्हा हाय. आन माफी बी हाय. त्या दिवशी मी जेवलो, सर."

भावांनी त्याला तोडलं. पिठाच्या पोत्यासाठी बाटला, असं गावभर झालं. मीही तेच म्हणायचो, त्याच्या तोंडावर म्हणायचो. तो म्हणायचा, "पोतं तर समद्यांलाच भेटलं, सर. बाटलो मी एकटाच." आता बोला! त्याला अक्षरओळख नव्हती. अकरावीच्या पोरांकडून तो फाटकाशेजारच्या स्टुलावर बसून बाराखडी शिकला, आणि पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, बोट ठेवून वाचू लागला. वर्षभरात दिवसाला एक पान व्हायला लागलं, मग दोन. "सहा वर्षांचा झालो," तो म्हणाला, "पहिलीत बसायचं वय हाय."

रविवारी एका पत्र्याच्या खोलीत त्यांची उपासना चाले. तिथे साक्ष द्यायची पद्धत आहे. माणूस उठतो आणि देवानं आपल्याला कुठून काढलं ते चारचौघांत सांगतो. मी एकदा मजा बघायला गेलो होतो. कुणी दारू सुटल्याचं सांगितलं, कुणी ताप उतरल्याचं. सोपान उठला आणि म्हणाला, "माझ्या बायकोवर आन लेकींवर माती म्या टाकली. प्रभूनं मला माफ केलं. मामीनं अजून केलं न्हाई. तेवढी प्रार्थना करा." आणि खाली बसला. मामी म्हणजे त्याची सासू, गोदाबाई.

आता जे सांगतो ते मी कुणाला सांगितलेलं नाही. एकदा वर्गात वस्तुमान आणि घनता चालली होती. पोरं पेंगत होती आणि दारात सोपान पाण्याची घागर घेऊन उभा. मला काय दुर्बुद्धी सुचली! मी फळ्यावर एक माळवद काढलं आणि विचारलं, "फादर, खोली केवढी होती?" तो म्हणाला, "दहा बाय बारा." "थर केवढा?" "हातभर, सर. वर चार बोटं माझी." मी आकडे मांडले. पोरांनी वहीत उतरवून घेतले. साडेनऊ टन. खाली दोन रेघा मारून मी खडू टाकला आणि एक पोरगं फिस्सकन हसलं. सोपाननं घागर जागेवर नेऊन ठेवली.

संध्याकाळी तो माझ्याकडे आला. "सर, त्याच्यात माझ्या चार बोटांचं किती भरलं?"

मी घाईघाईनं म्हणालो, "दीड टनाच्या आत. सोपान, ऐक, खाली आठ टन आधीचेच होते. तू चिमूटभर टाकली नसतीस तरी ते छत कोसळलंच असतं आणि आतलं माणूस वाचलं नसतं. हे गणित आहे. तुझा दोष नाहीच." मला वाटलं, मी त्याच्यावर केवढे उपकार करतोय!

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "गुन्हा काढून घेऊ नगा, सर. गुन्हाच न्हाई म्हणलं तर माझी माफी बी जाईल. मग माझ्यापाशी काय राहतंय?"

त्यानंतर त्याला 'फादर' म्हणायचं मी सोडलं, पण वर्गातल्या त्या फळ्याबद्दल माफी मागितली नाही. रोज म्हणायचो, उद्या मागू.

दरवर्षी अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी तो रजा काढून देवणीकडे सासुरवाडीला जायचा. एका वर्षी मीही गेलो, आता थट्टेला नव्हे. गोदाबाई वाळलेल्या अंगाची म्हातारी. सोपान उंबऱ्याबाहेर उभा राहिला, टोपी काढली आणि म्हणाला, "मामी, माझा गुन्हा कबूल हाय. माफ करा." म्हातारी आतून भरलेला तांब्या घेऊन आली. मला वाटलं, पाणी देतेय. तिनं तो तांब्या त्याच्यासमोर धरला, सावकाश जमिनीवर ओतला, पालथा घातला आणि दार लावून घेतलं. शेजारणी ओसरीवर बसून बघत होत्या. दरसालचा खेळ होता तो. सोपान बंद दाराला म्हणाला, "बरं हाय, मामी. पुढच्या साली येतो."

परतताना एसटीत मी भडकलो. "थेरडीच्या अंगात माणुसकीचा अंश नाही! कशाला जातोस मरायला?" तो म्हणाला, "असं बोलू नगा, सर. तिचं वजन तिलाच ठावं." मला तेव्हा ते भाबडेपण वाटलं.

दोन वर्षांनी त्याची छाती भरली. सरकारी दवाखान्यात कारकुनानं वय विचारलं, तेव्हा माझ्या तोंडून 'बारा' निघता निघता राहिलं. शेवटच्या दिवशी शुद्धीत होता. मी हात धरून सांगणार होतो, सोपान, त्या फळ्याचं मला माफ कर. पण खोलीत नर्स होती, बाजूच्या खाटेवरचे नातेवाईक होते. मी म्हणालो, "आराम कर." तो म्हणाला, "मामीला निरोप धाडा." तेवढंच. ज्या माणसानं माझ्या वर्गासमोर, परक्या पोरांसमोर आपला गुन्हा सांगितला, त्याच्यासमोर मला एका नर्सची लाज वाटली.

गावाहून एकही भाऊ आला नाही. पाळक, उपासनेतली दहाबारा माणसं आणि मी, एवढ्यांनी त्याला पुरलं. प्रत्येकानं मूठमूठ माती टाकली, मग फावड्यानं खड्डा भरला, वर उंचवटा केला. माणसं पांगली. मी दफनभूमीच्या फाटकापाशी पोचलो, तर गोदाबाई समोरून येत होती. एकटी, अनवाणी, हातात एसटीचं तिकीट. गाडी चुकली म्हणाली. मी नुसतं बोट दाखवलं. माझ्या मनात तिच्याबद्दल विषच होतं.

ती जाऊन उंचवट्यापाशी उभी राहिली, मी मागे. मग मला विचारलं, "त्यो तुमच्यात उठून बोलायचा म्हणं. काय बोलायचा?"

"हेच की माती त्यानं टाकली."

"आन माझं?"

"तुमचं काय?"

म्हातारी खाली बसली. "आखाडात मी लेकीकडं गेलते. छत थेंबथेंब गळत व्हतं, नातींची अंथरुणं भिजली व्हती. त्यो म्हणला, मामी, लई भार झाला, यंदा नगं. मी म्हणलं, जावईबापू, माझ्या लेकीला चिखलात निजवता का? आजच्या आज माती टाका, तवाच मी जेवते." तिनं उंचवट्यावर हात ठेवला. "दरसाल यायचा. मला वाटायचं, आज म्हणंल, मामी, तुम्हीच सांगितलं. म्हणला न्हाई. म्हणला असता तर म्या पाणी दिलं असतं. लोकात बी सांगितलं न्हाई?"

"नाही," मी म्हणालो. "कधीच नाही."

तिनं मान हलवली. मग दोन्ही हात पुढे केले आणि त्या ओल्या उंचवट्यावरची माती ओंजळी भरभरून बाजूला सारू लागली. मागे राहिलेले पाळक धावत आले, मी तिचे खांदे धरले, पण तिच्या हाडांत कुठून बळ आलं होतं कोण जाणे. नखांत माती भरली, बांगडी फुटली, तरी ती उकरतच राहिली.

"लई झाली," ती म्हणत होती, "लई भार झाला त्याला. काढा की रं कुणीतरी."