मी न घेतलेलं व्रत

गेल्या महिन्यात आम्ही दोघं नवराबायको रामटेकला गेलो होतो. गडाच्या पायऱ्या चढताना अर्ध्यावर बायको दम खायला बसली आणि सहज म्हणाली, "अवो, तुमच्या व्रताले वर्ष झालं ना? मंग उद्यापन कधी करायचं?"

माझे पाय तिथंच थबकले... कारण असं कोणतंही व्रत मी घेतलेलंच नव्हतं.

हे मला तोंडानं कोणाला सांगता आलं नसतं, म्हणून लिहितो आहे. माझ्या वयाच्या पुरुषांनी तरी वाचावं.

मी उमरेडकडचा, विणकराच्या घरचा. गावच्या शाळेत सातवीपर्यंत शिकलो आणि आता शहरात, गांधीबागेच्या बाजारात एका दुकानात गिऱ्हाइकांना कापड दाखवतो. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली. मुलगी सासरी गेली, मुलगा नोकरीला परगावी... घरात आम्ही दोघंच उरलो, आणि नेमकं तेव्हाच माझं शरीर साथ देईना.

सरळच लिहितो. ताठरता येत नसे, आली तरी टिकत नसे. आधी कधीमधी, मग नेहमीच. एकदा फसलं की पुढच्या वेळी आधीच छातीत धडधड... अशा माणसासाठी गावात एक शब्द आहे. लहानपणी पारावर तो ऐकून मीही हसलो होतो.

तेव्हा एक दिवस बायकोला सांगून टाकलं, "रामापुढे व्रत घेतलं आहे, वर्षभर वेगळा झोपीन." तिनं देव्हाऱ्याकडे बघून हात जोडले.

खाट ओसरीत आली. आत ती वावरायची, बांगड्या वाजायच्या, स्वतःशीच काहीतरी गुणगुणायची... मधलं दार कधी लागलेलं नसे. पण त्या दारातून आत जायला मला तोंड नव्हतं. आणि रोज देवापुढे उभा राहिलो की नजर वर उचलत नसे.

उद्यापनाला जोडीनं बसावं लागतं, उपरण्याला पदराची गाठ मारून. देवासमोर असं बसून खोट्याची सांगता करायची? ते मला जमणार नव्हतं. तिथंच पायरीवर बसलो आणि तिला सगळं सांगितलं. माणसं बाजूनं चढत होती, माकडं प्रसादासाठी भांडत होती...

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मले तर वाटे, तुमचं मन उडालं माझ्यावरून. म्हणून देवाचं नाव सांगून राहिले."

एवढ्यात तिचा आवाजच बदलला. "आन् मी येडी! तुमच्या व्रतात माझा अर्धा वाटा म्हणून वर्षभर गोड सोडून राहिली! माझ्या वाटचा गूळ, माझ्या वाटची खीर, सारं तुमच्याच ताटात वाढलं!" हे म्हणताना ती हसत होती आणि पदरानं डोळेही पुसत होती.

मग एकदम थांबली. "एक सांगा... न्हाणीत मुंग्या काहून लागतात? मी रोज राख टाकून राहिली. माझ्या बापाले गोड लघवीचा आजार होता ना, तवा अशाच लागत."

चार दिवसांनी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी काचेच्या नळीत निळं औषध आणि माझी लघवी घालून उकळलं. निळा रंग हिरवा झाला, पिवळा झाला, आणि शेवटी विटेसारखा लाल. मधुमेह. रक्तदाबही वाढलेला.

बायको म्हणाली, "बोला ना, ते पण सांगा." मी मान खाली घातली. मग तिनंच सांगितलं.

"भाऊ, लाजता काहून?" डॉक्टर म्हणाले. "रोज कोणी ना कोणी हेच सांगाले येते, अन् सारेच माझ्या टेबलाशी बोलतात, माझ्याशी कोणी बोलत नाही."

त्यांनी समजावलं ते असं. साखर वाढली की नसा आणि रक्तवाहिन्या बिघडतात. वाढलेला रक्तदाब, तंबाखू, दारू यांनीही तेच होतं, कधी एखाद्या औषधानंही. मनावरचं ओझंही तसंच. मुलगी सासरी गेल्याचं, इथली राजधानी मुंबईला गेल्यापासून ओस पडलेल्या दुकानाचं... बहुतेकांना एकच कारण नसतं, दोन-तीन मिळून येतात. आणि त्यावर भीती बसली की ती स्वतःच एक कारण होते. तरुणपणाच्या चुका, पाप, शाप यातलं काही नाही. बाजारातून लपून आणलेलं, माझ्या पिशवीतलं ताकदीचं चूर्ण त्यांनी तिथंच टोपलीत टाकायला लावलं.

"म्हणजे मीच यायले गूळ चारून चारून आजारी केलं काय?" बायकोनं घाबरत विचारलं.

"नाही बाई, आजार आतून आला. गुळानं फक्त वाढवला. आता तुमचं व्रत यायले देऊन टाका, अन् तुमी खा गोड!"

माझी तंबाखूची सवय सुटली आहे, निदान आजवर तरी. दुकानात पायी जातो. मुंग्या कमी झाल्या. बाकीचं... कधी वाटतं येईल, कधी वाटतं नाही. डॉक्टरांनीही वचन दिलेलं नाही. रामाची क्षमा रोज मागतो. त्याच्या नावामागे लपलो, तेवढं मात्र पाप होतं.

पण माझ्या लक्षात आलं, वर्षभर मी ज्यासाठी झुरलो ते फक्त ते एक सुख नव्हतं. आजारानं एकच गोष्ट नेली होती, बाकीच्या सगळ्या मीच लाजेपायी सोडून दिल्या होत्या.

परवा सकाळी तिनं माझ्या डोक्याला तेल लावलं. हात केसांतून मानेवर आला आणि तिथंच थांबला... दुकानाला उशीर होत होता. मी उठलो नाही.